गायरानातल्या गवताच्या जाती आणि त्यांच्या खालची माती

माणगंगाकाठ | ३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

नमस्कार.

माण तालुक्यातील आमच्या गावचे गायरान सुमारे ४० एकरांचे आहे आणि त्याची देखभाल करणाऱ्या समितीवर मी गेली चार वर्षे काम करते आहे. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा हा माळ मला ओळखू आला नाही. आजीबरोबर गवताचे भारे आणायला मी ज्या उतारावर जात असे, तिथे दिवाळीच्या सुमारास पवन्या कमरेला लागत असे. आज त्याच उतारावर उघडा मुरूम, तरवडाची झुडपे आणि त्या झुडपांच्या आडोशाला वाचलेले थोडेसे गवत एवढेच उरले आहे.

समितीच्या बैठकीत दर वर्षी यंदा गवत किती आले हाच प्रश्न निघतो. ते कोणते आहे, किती प्रकारचे आहे आणि त्याच्या खालच्या मातीची काय अवस्था आहे, हे कुणी विचारत नाही, आणि आमच्या गायरानाचे दुखणे नेमके तिथेच आहे अशी माझी खात्री होत चालली आहे. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

गायरानाचे आज चार भाग पडले आहेत. पाणवठ्यालगतच्या भागात गावातली आणि बाहेरून येणारी सगळी जनावरे दिवसभर थांबतात. मधला माळ पाण्यापासून लांब असल्याने कळप तिथून चरत पुढे जातात, पण रेंगाळत नाहीत. आठ एकरांच्या तिसऱ्या भागाला आम्ही चार वर्षांपूर्वी काटेरी कुंपण घातले आणि तिथे चराई पूर्ण बंद केली. चौथ्या भागात एका योजनेतून सलग समतल चर खोदले गेले आणि गिरिपुष्पाची रोपे लावली गेली. त्या वेळी गायरानातला सर्वांत चांगला मारवेल तिथेच उभा होता, आणि चर खोदताना वरची चार बोटे माती उपसून तिच्यावर खालचा मुरूम पडला. जागा निवडताना तिथले गवत कोणीही वाकून पाहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

यंदा भाद्रपदात, बहुतेक गवते निसवलेली असताना, शाळेतल्या दोन मुलींना घेऊन मी मोजणी केली. एक मीटर लांब-रुंद चौकट प्रत्येक भागात वीस ठिकाणी टाकली आणि आतल्या जाती मोजल्या. पाणवठ्याजवळ एका चौकटीत सरासरी चार जाती मिळाल्या, मधल्या माळावर अकरा आणि कुंपणात सात. त्यानंतर तळ कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे ठोकून त्यात एक लिटर पाणी ओतले. मधल्या माळावर ते सात-आठ मिनिटांत मुरले, कुंपणात पाच मिनिटांत, आणि पाणवठ्याजवळ अर्ध्या तासानंतरही डब्याच्या तळाशी पाणी दिसत होते. तिथल्या मातीवर पापुद्रा धरला आहे आणि तो नखाने उचलावा लागतो.

मला पडलेला प्रश्न असा आहे. चराई पूर्ण थांबवली तिथे पाणी सर्वांत चांगले मुरते, परंतु जाती मात्र मधल्या माळापेक्षा कमी आहेत आणि जे आहे त्यात निम्म्याहून अधिक कुसळीच दिसते. मग चराईबंदी चुकली म्हणायची की अपुरी पडली? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


तृणपर्ण | ३ ऑक्टोबर, दुपारी १.१५

ताई, आपण अंदाजाने न बोलता चौकट टाकून मोजणी केलीत, याबद्दल प्रथम आपले मनापासून अभिनंदन. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि गवते हा माझा आयुष्यभराचा विषय आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

भारतातल्या गवताळ प्रदेशांचे दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली पाच मोठे प्रकार मांडले. त्यांतला आपला प्रकार सेहिमा–डायकँथियम या नावाने ओळखला जातो. सेहिमा म्हणजे आपला पवन्या, ज्याला काही भागांत शेडा म्हणतात, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. हा पट्टा सुमारे १७,४०,००० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात बहुवर्षायू गवतांच्या २४, वर्षायू गवतांच्या ८९ आणि रुंद पानांच्या द्विदल वनस्पतींच्या १२९ जाती नोंदल्या गेल्या, आणि त्या १२९ पैकी ५६ शेंगावर्गीय होत्या. आपण ज्याला गवताचा माळ म्हणतो, त्यात गवतांपेक्षा बिगरगवतांच्याच जाती जास्त भरतात, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दोनदा सांगत असे.

चराईचा ताण वाढत गेला की या माळाची उतरण एका ठरावीक क्रमाने होते. प्रथम पवन्या आणि मारवेल मागे पडतात, कारण जनावर तेच आधी शोधून खाते. त्यांच्या जागी डोंगरी गवत आणि कुसळी वाढते. ताण तसाच राहिला तर तीन कुसळांची ॲरिस्टिडाची बारीक गवते आणि पावसाबरोबर येऊन पावसाबरोबर जाणारी वर्षायू गवते उरतात. शेवटी उघडी जमीन आणि जनावर ज्याला तोंड लावत नाही अशी झुडपे राहतात. तुमचा पाणवठा या उतरणीच्या तळाशी आहे, मधला माळ अर्ध्यावर आहे आणि कुंपणातला भाग वर चढताना कुसळीच्या पायरीवर अडकला आहे.

तो का अडकला, हे कुसळीचे बी हातात घेतले की कळते. त्याच्या टोकाला अणकुचीदार काटा असतो आणि मागे लांब कुसळ असते. हवेतील ओलावा वाढला की कुसळाचा पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी आपोआप जमिनीत घुसते. पापुद्रा धरलेल्या, आपटलेल्या जमिनीतही ते शिरू शकते. पवन्याला हे इतके साधत नाही. त्यातच कुंपणात चार वर्षे काहीही खाल्ले किंवा कापले गेले नाही, त्यामुळे मागच्या वर्षांची वाळलेली धाटे उभीच राहिली, जमिनीवर सावली पडली, आणि रानमूग, रानकुळीथ, निळीच्या कुळातल्या भुईसरपट वनस्पती यांसारख्या ठेंगण्या शेंगावर्गीयांना ऊनच मिळेना. तुमच्या सात आणि अकराच्या फरकात याच वनस्पती हरवल्या असणार. मुलींच्या वहीत त्यांची नावे तपासून पाहाल का?

या बाबतीत एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. तरवड आणि टाकळा हे शेंगा धरतात म्हणून ते जमिनीत नत्र भरतात असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. त्यांच्या मुळांवर गाठीच येत नाहीत. त्यामुळे तरवड वाढला म्हणजे माती सुधारते आहे, असे समजू नये.


वाड्यावरचा | ३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

ताई आणि सर, दोघांनाही नमस्कार. मी फलटण भागातला धनगर आहे. मी स्वतः नोकरी करतो, पण वडील आणि चुलते आजही दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि मृगाच्या आधी परततात. चराईबंदीचा विषय निघाला की आमच्या लोकांना पहिल्याच वाक्यात दोषी ठरवले जाते, तसे या धाग्यावर झाले नाही, म्हणून लिहिण्याचा धीर झाला.

सगळी जनावरे एकसारखी चरत नाहीत. गाय आणि म्हैस जिभेने गवताला वेढा घालून ओढते, त्यामुळे ती फार खालून खाऊ शकत नाही. मेंढी दातांनी जमिनीलगत कुरतडते आणि निवडून खाते. शेळीची मान वर असते, तिला बोरीचा आणि हिवराचा पाला आधी हवा असतो. एकाच माळावर एकाच प्रकारचे जनावर महिनोन्महिने राहिले, तर एकाच प्रकारची वनस्पती मार खाते. वडील म्हणतात की माळ जनावराने मोडत नाही, थांबण्याने मोडतो. ताईंनी मधल्या माळाबद्दल जे लिहिले आहे, तेच ते सांगत आले आहेत.

कुसळी पिकली की आम्ही त्या माळावर मेंढरे घालत नाही. कुसळे लोकरीत अडकतात, तिथून कातडीत शिरतात, तोंडात आणि डोळ्यांत जखमा करतात. पण हीच कुसळी आषाढात, कोवळी असताना, मेंढरे आवडीने खातात. ताईंच्या कुंपणात तिची मक्तेदारी झाली असेल, तर ती निसवण्याच्या आधी दोन दिवस कळप फिरवून बाहेर काढावा, म्हणजे खालच्या लहान वेलींना ऊन मिळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमची मेंढरे दिवसा माळावर चरतात आणि रात्री कुणाच्या तरी शेतात बसवली जातात. त्या लेंडीखतासाठी आणि मुतासाठी शेतकरी आम्हाला धान्य किंवा पैसे देतो. शेताला त्याचा मोठा फायदा होतो. परंतु याचा दुसरा अर्थ असा की पिढ्यान्‌पिढ्या गायरानाचा कस गवताच्या रूपाने उचलला गेला आणि शेतात नेऊन टाकला गेला. गायरानाला परत कुणी काही दिले नाही. चुलीसाठी शेणी वेचल्या गेल्या, तेही माळावरचेच शेण. नत्र तरी शेंगावर्गीयांमुळे थोडाफार भरून येत असेल, पण बाकीच्याचे काय? गायरान उजाड झाले की दोष मेंढराला देतात, आणि त्याच मेंढरामागून खत कुठे गेले हे विचारत नाहीत.


दुष्काळी_शेतकरी | ४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

चर्चा वाचतो आहे. मला एक व्यवहाराचा प्रश्न आहे. इतक्या जातींचा हिशेब ठेवण्यापेक्षा गायरानात स्टायलो या चारापिकाचे बी टाकले आणि पाणवठ्याजवळ संकरित नेपिअर गवत लावले, तर दुष्काळात चारा तरी मिळेल. आमच्याकडे दोन पावसांत अंतर पडले की जनावरे छावणीत न्यावी लागतात. जातींची संख्या वाढल्याने जनावराचे पोट भरते का?


रोपवाटिका | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देताना दोन परदेशी प्रयोग सांगते. मी मूळची कोल्हापूरची, गेली बारा वर्षे इंग्लंडमध्ये हार्टफर्डशायर परगण्यात राहते. इथून जवळच रॉदमस्टेड हे जुने कृषी संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका गवताळ रानावर १८५६ सालापासून एकच प्रयोग अखंड चालू आहे. रानाचे पट्टे पाडले, काहींना काहीच खत दिले नाही, काहींना अमोनियम सल्फेट, काहींना पालाश-स्फुरद, आणि पुढे विसाव्या शतकात काही पट्ट्यांना चुनाही दिला. प्रयोग सुरू झाला तेव्हा हे सगळे रान एकसारखे होते.

ज्या पट्ट्याला कधीच खत मिळाले नाही, तिथे आज चाळीसच्या आसपास जाती नांदतात. ज्यांना दर वर्षी अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, त्यांची माती लिंबासारखी आंबट झाली, सामू (पीएच) ४ च्याही खाली गेला आणि गवताच्या दोन-तीनच जाती तग धरून राहिल्या. कापणीच्या दिवसांत हे पट्टे रंगावरूनच वेगळे ओळखता येतात. मला सर्वांत जास्त आश्चर्य मातीचे वाटले. आंबट पट्ट्यांत गांडुळे राहिली नाहीत, त्यामुळे वाळलेला पाला कुजतच नाही आणि जमिनीवर त्याची गोधडीसारखी जाड चटई साचली आहे. वर जाती गेल्या आणि खाली कुजवणारे जीव गेले, आणि दोन्हींचे कारण पोत्यातून आले होते. तुमच्याकडची बेसाल्टची माती चुनखडीची असते, ती अशी चटकन आंबट होणार नाही, हे मान्य आहे. परंतु भरपूर नत्र मिळाले की उंच, भूकखोर अशी एक-दोन गवते इतरांना दाबतात, हा भाग सगळीकडे सारखाच आहे.

दुष्काळाबद्दलचा पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटातून मिळतो. तिथल्या सीडर क्रीक या ठिकाणी १९८७-८८ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा डेव्हिड टिलमन आणि जॉन डाउनिंग यांना असे दिसले की कमी जातींच्या चौकोनांत गवताचे उत्पन्न पार कोसळले आणि अनेक जातींच्या चौकोनांत ते तुलनेने कमी घटले, शिवाय नंतर लवकर सावरले. १९९४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. कारण समजायला सोपे आहे. एक जात खोल मुळांची, दुसरी लवकर निसवणारी, तिसरी उशिरा आलेल्या पावसावर फुटणारी, अशी विभागणी असली की पावसात अंतर पडले तरी काहीतरी हिरवे राहते. नेपिअरला पाणी लागते, आणि ज्या वर्षी चारा सर्वांत जास्त हवा असतो, त्याच वर्षी पाणी नसते.


दुष्काळी_शेतकरी | ४ ऑक्टोबर, रात्री ८.२०

ताई, पटले. नेपिअर मी माझ्या विहिरीच्या बांधावरच ठेवीन. स्टायलोबद्दल मात्र सरांनी सांगावे.


तृणपर्ण | ४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

स्टायलो परका असला तरी शेंगावर्गीय आहे आणि त्याच्या मुळांवर गाठी येतात. ज्या जागी काहीच उरलेले नाही, तिथे मारवेल आणि रानमुगाच्या बियांबरोबर मूठभर स्टायलो टाकायला माझी हरकत नाही. जिथे आजही एका चौकटीत अकरा जाती आहेत, त्या मधल्या माळावर मात्र नांगर, चर, खड्डा, परके बी यांपैकी काहीही नेऊ नये. जुन्या ठोंबांखालची माती घडायला आपल्या आयुष्यापेक्षा जास्त काळ लागतो. गिरिपुष्पाबद्दलही माझे हेच मत आहे. झाड लावणे पुण्याचे असले तरी माळ ही रिकामी जागा नाही.


मृदगंध | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

मातीच्या बाजूने काही लिहितो, कारण हे माझे रोजचे काम आहे.

ताईंच्या डब्याच्या चाचणीत एक सुधारणा सुचवतो. पहिले लिटर मातीची तहान भागवण्यात जाते, म्हणून ते मुरू द्यावे आणि दुसऱ्या लिटरला लागणारा वेळ नोंदवावा. सर्व भागांत चाचणी एकाच दिवशी, एकाच वाफशावर करावी. त्याशिवाय हरभऱ्याएवढी वाळलेली ढेकळे प्रत्येक भागातून आणून पाण्याच्या पेल्यात सोडून पाहावीत. मुळांच्या आणि बुरशीच्या धाग्यांनी बांधलेले ढेकूळ बराच वेळ टिकते, मोडलेल्या मातीचे ढेकूळ पाहता पाहता विरघळते आणि पाणी गढूळ होते. समितीच्या बैठकीत दोन पेले शेजारी ठेवले, तर कोणत्याही अहवालापेक्षा लवकर समजेल.

जाती वाढल्याने माती का सुधारते, याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास जर्मनीतल्या येना शहराजवळ २००२ सालापासून चालू आहे. तिथे एका जातीपासून साठ जातींपर्यंतची मिश्रणे पेरली गेली. जास्त जातींच्या चौकोनांत मुळांतून झिरपणारा साखरेसारखा रस वाढला, त्यावर जगणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या मार्फत मातीतला कर्ब वाढला. मातीतला हा बदल दिसायला काही वर्षे गेली, वरचे गवत मात्र लवकर बदलले. तिथे गवत कापतात, चारत नाहीत, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे माणदेशात आणता येणार नाहीत. परंतु दोन वर्षांत माती बदलली नाही म्हणून समितीने हात टेकू नयेत, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

आता चराईचे पाहू. फ्रँकलिन क्रायडर या अमेरिकन संशोधकाने १९५५ साली गवतांची पाने वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांची वाढ पाहिली. निम्म्यापर्यंत पाला गेला तर मुळांना विशेष फरक पडत नाही, त्याहून अधिक एकदम गेला तर मुळांची वाढ थांबते, आणि जवळजवळ सगळाच गेला तर ती दोन आठवड्यांहून अधिक काळ थांबून राहते. आपल्याकडे पाऊसच जेमतेम तीन महिने असतो. पाणवठ्याजवळच्या ठोंबाला त्या तीन महिन्यांत दर आठवड्याला जमिनीलगत कुरतडले, तर त्याची मुळे कधीच खाली उतरत नाहीत, आणि मुळे नसली की पापुद्रा, आपटलेली जमीन, वाहून जाणारे पाणी हे सगळे ओघाने येते. म्हणून वाड्यावरचा यांच्या सूचनेला माझी एक अट आहे. आषाढातली चराई फक्त कुसळीचे प्राबल्य असलेल्या कुंपणात, तीही पाऊस उघडलेला असताना आणि निम्मा पाला शिल्लक ठेवून करावी. ओल्या मातीत मेंढराचे टोकदार खूर रुततात आणि मातीतल्या हवेच्या जागा बंद होतात.

शेणकिड्यांचाही या धाग्यात उल्लेख व्हायला हवा. शेण जमिनीवर वाळत राहिले तर त्यातला बराचसा नत्र हवेत उडतो. शेणकिडे ते गोळे करून बिळात नेतात, तेव्हा खत आणि हवा दोन्ही मुळांपाशी पोहोचतात. ऑस्ट्रेलियात गायी नेल्या गेल्या, पण गायीचे शेण हाताळणारे किडे तिथे नव्हते, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांना ते बाहेरून आणून सोडावे लागले. आपल्याकडे ते मुळातच आहेत आणि आपण नकळत मारतो आहोत. जंतनाशक म्हणून दिले जाणारे आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि त्या शेणातल्या शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. जंतनाशक आवश्यकच असते, परंतु ते दिल्यानंतर काही दिवस जनावर गायरानाऐवजी गोठ्यात किंवा शेतात ठेवता आले, तर तेवढे टाळता येईल.


पायवाट | ५ ऑक्टोबर, दुपारी ४.४५

कुंपणातले जुने गवत काढण्यासाठी आमच्याकडे फाल्गुनात माळ पेटवतात. नवा फुटवा जोमाने येतो असे सांगतात. ताईंनी तसे केले तर?


तृणपर्ण | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०

कृपया करू नये. फुटवा हिरवा दिसतो हे खरे, परंतु वणव्यातून सर्वांत चांगले वाचते ते कुसळीच, कारण तिचे बी जमिनीत शिरून बसलेले असते. पाल्यातला नत्र धुरावाटे निघून जातो, आणि वळिवाचा पहिला मारा उघड्या मातीवर पडतो. जुने गवत विळ्याने कापून न्यावे. हिवरे बाजारसारख्या गावांनी मोकाट चराई थांबवून विळ्याने गवत कापण्याची पद्धत बसवली, ती याच अर्थाने शहाणपणाची होती. बंदी जनावराच्या तोंडावर होती, गवताच्या वापरावर नव्हती. आपल्या कुंपणात ताई, बंदी राहिली आणि विळा विसरला गेला.


माणगंगाकाठ | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

सर्वांचे उपकार कसे मानावेत हे सुचत नाही. तीन दिवस उशिरा उत्तर देते आहे, कारण मुलींना घेऊन पुन्हा माळावर गेले होते.

सरांनी विचारले होते, म्हणून वही तपासली. मधल्या माळावरच्या अकरा जातींत चार शेंगावर्गीय आहेत, आणि कुंपणातल्या वीसपैकी चौदा चौकटींत एकही नाही. सरांनी न पाहता सांगितलेली गोष्ट वहीत लिहिलेलीच होती, मला ती वाचता आली नव्हती. ढेकळांची चाचणीही केली. पाणवठ्याजवळचे ढेकूळ पेल्यात पडताच फुटले. मधल्या माळावरचे आणि कुंपणातले ढेकूळ आम्ही डबा खाऊन परत येईपर्यंत तसेच होते. चरांच्या मधल्या पट्टीतले ढेकूळ टिकले, पण उपसलेल्या मातीच्या बांधावरचे विरघळले, आणि त्या बांधावर आज गाजरगवताशिवाय काही नाही.

काल समितीपुढे मी पेलेच ठेवले. बोलणे फार लागले नाही. असे ठरले की कुंपणातले गवत या महिनाअखेरीस गावकऱ्यांनी विळ्याने कापून न्यावे आणि कुंपण पुढच्या वर्षी मधल्या माळाच्या एका तृतीयांश भागाकडे सरकवावे. तो भाग मृगापासून दसऱ्यापर्यंत राखला जाईल, म्हणजे पवन्या आणि मारवेल निसवून त्यांचे बी पडेल, आणि दसऱ्यानंतर तिथे चराई खुली होईल. दर वर्षी राखणीचा भाग बदलायचा. चरांच्या भागात नवीन झाड लावायचे नाही, असाही ठराव झाला.

एका मुद्द्यावर मात्र वाद झाला आणि तो मिटलेला नाही. वाड्यावरचा यांनी लिहिलेला, गायरानाचा कस शेतात जाण्याचा मुद्दा मी मांडला, तेव्हा काही शेतकरी नाराज झाले. मेंढरे शेतात बसवणे हा त्यांना आपला हक्क वाटतो आणि लेंडीखताशिवाय त्यांची ज्वारीही येत नाही, हे मला कळते. तरीही पाणवठ्याजवळच्या भागाला बाहेरून काही मिळाल्याशिवाय तो उठणार नाही, असे मला वाटते. तिथे मेंढरे बसवता येतील का?


वाड्यावरचा | ८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

ताई, वडिलांना फोनवर विचारले. ज्येष्ठात परत येताना दोन रात्री वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, तुमच्या गायरानात बसवायला ते तयार आहेत आणि त्याचे धान्य घेणार नाहीत. येण्याआधीचे आठ दिवस कळप ज्या माळांवर चरेल, तिथल्या रानमुगाचे आणि रानकुळथाचे टणक बी लेंड्यांतून तुमच्याकडे येईल, असे ते म्हणाले. जुन्या वाड्याच्या जागी पावसाळ्यात या वेली उगवलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. जंताचे औषध ते त्या आठ दिवसांत देणार नाहीत.


मृदगंध | ९ ऑक्टोबर, सकाळी ९.००

हे झाले तर फार चांगले होईल. वाडा पाणवठ्याच्या वरच्या अंगाला न बसवता उताराच्या खालच्या बाजूला बसवावा, नाहीतर पहिल्या वळिवाने लेंड्या आणि मूत पिण्याच्या पाण्यात उतरेल. बसवण्याआधी पापुद्रा कुदळीने हलका फोडून ठेवावा, फार खोल जाऊ नये. मेंढरे उठल्यावर त्या जागेवर कुंपणातून कापलेल्या जुन्या गवताचा पातळ थर पसरावा.


माणगंगाकाठ | ९ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

कुंपणातले गवत म्हणजे बहुतेक कुसळी, आणि आता ती पिकली आहे. तिचेच बी पाणवठ्याजवळ पोहोचेल ना? त्यापेक्षा मधल्या माळावर मारवेलाचे बी धरलेले जे ठोंब आहेत, त्यांचे चार-पाच भारे मुलींकडून वेगळे कापून शाळेच्या पडवीत वाळवून ठेवते. ज्येष्ठात तेच पसरू.